कोपरा कापलेलं कार्ड

तुम्ही कधी स्वतःचं आडनाव गिळून भाड्याची खोली मागितली आहे का? नसेल मागितली तर नशीबवान आहात. मागितली असेल तर पुढचं फार समजावून सांगायची गरज नाही.

विशाखा रामजी शिरसाठ हिनं गिळलं नाही. पंचाण्णव सालच्या जूनमध्ये ती सुरतेजवळ उधन्याच्या फलाटावर उतरली. सोबत लोखंडी पेटी, वळकटी आणि रॉकेलचा स्टोव्ह. वय सव्वीस. डी.एड. होऊन पाच वर्षं झाली होती आणि खानदेशात नोकरीच्या नावानं चप्पल झिजली होती. नवागामातल्या एका मराठी शाळेत जागा निघाली, तेव्हा तिनं नकाशा बघितला नाही, गाडीचं टाइमटेबल बघितलं. अमळनेरहून सुरत म्हणजे काही विलायत नव्हे. पण बाहेर आली तर बसवरचा आकडासुद्धा तिला वाचता येईना. दुकानाच्या पाट्या गुजरातीत, दवाखान्याची पाटी गुजरातीत. पोरांना बाराखडी शिकवायला आलेली बाई बसस्टॉपवर उभी राहून शेजारच्या अडाणी म्हातारीला विचारत होती, "ही डिंडोलीला जाते का हो?" परमुलूख म्हणजे काय, ते तिला तिथं समजलं.

निघताना वडिलांनी एक अट घातली होती. रामजी आबा रेल्वेत गँगमन होते. आयुष्यभर रूळ ठोकले, त्यामुळे बोलणंही तसंच, ठोकून.

"जा. अडवत नाही. पण ज्या दिवशी कोणी म्हणेल घर खाली कर, त्या दिवशी भांडत बसायचं नाही. पेटी उचलायची, गाडीत बसायचं. मग मी दाखवीन ते स्थळ."

"आणि कोणी नाहीच म्हटलं तर?"

"तुझ्या तोंडानं आठ दिवसांत म्हणेल."

आबांचं चुकलं. पहिल्या आठ दिवसांत घर खाली करायचा प्रश्नच आला नाही, कारण घर मिळालंच नाही. पाच ठिकाणी गेली. पाचही ठिकाणी चहा विचारला, मग मूळ गाव विचारलं, मग आडनाव. आडनाव ऐकलं की घरमालकाला अचानक आठवायचं की पुढच्या महिन्यात भाचा येणार आहे. पाच घरमालकांना पाच भाचे. सहाव्या ठिकाणी ती चिडूनच गेली होती.

सहावं ठिकाण म्हणजे शिवकृपा अपार्टमेंट. नाव मोठं, इमारत तीन मजल्यांची, बाहेरून गिलावा नाही, लिफ्ट नाही. एक खोली, एक स्वयंपाकघर, आतच मोरी, अशी बारा घरं. सगळे जवळजवळ खानदेशातले, लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, नाहीतर डाइंग मिलमध्ये. आदल्या वर्षी प्लेगच्या भीतीनं निम्मी इमारत गावी पळाली होती. पळालेले परतले, पण तिसऱ्या मजल्यावरचं कोपऱ्यातलं घर रिकामंच राहिलं, कारण तिथं नळाला पाणी चढत नव्हतं. मालक नंदुरबारला. किल्ली मगनभाईंकडे.

हे मगनभाई मूळचे पारोळ्याकडचे. पण वीस वर्षांपूर्वी सुरतेत आले आणि मिलमध्ये मुकादम झाले, तेव्हापासून कोणी 'मगनभाऊ' म्हटलेलं त्यांना चालत नसे. अहिराणी तर त्यांनी कुठल्याशा पेटीत कुलूप लावून ठेवली होती. सोसायटीचे चेअरमनही तेच.

"एकली?" मगनभाईंनी विचारलं.

"एकटीच."

"मिस्टर?"

"नाहीत."

"आडनाव?"

"शिरसाठ. बौद्ध. आणखी काय सांगू, रक्तगट?"

मगनभाईंनी किल्ली बोटाभोवती एकदा फिरवली. "बेन, तुमची जीभ बहु चालते."

"मास्तरीण आहे. जिभेचाच पगार मिळतो."

किल्ली मिळाली. पाणी नसलेलं घर घ्यायला दुसरं कोणी आलं नव्हतं, हे त्यामागचं साधं कारण. मगनभाईंनी जिन्याखालची पाटी मात्र दाखवली. निळ्या पत्र्यावर पांढऱ्या रंगात सोसायटीचे नियम, गुजरातीत. "वाचून घ्या. नंतर म्हणायचं नाही की माहीत नव्हतं."

वाचता येत नव्हतं, पण हे त्यांना सांगायचं म्हणजे नाक कापून हातात देणं. विशाखानं मान हलवली. मग रोज चार वाजता मोटार सुरू झाली की ती खालच्या नळावर दोन कळश्या भरायची आणि भरेपर्यंत पाटीकडे बघत उभी राहायची. 'क' ओळखीचा वाटायचा, 'ज' दगा द्यायचा. डोक्यावरची रेघ काढून घेतलेली अक्षरं तिला बोडकी वाटायची. तीन आठवड्यांत तिला पाटी पाठ झाली. गुजराती ती तिथंच शिकली, कळशीच्या काठावर.

घर लागत गेलं. खिडकीत माठ, भिंतीवर बुद्धाची तसबीर, दोन विटांवर फळी टाकून पुस्तकं. पलंग नाही, खुर्ची नाही. समोरच्या खात्यातले लूम दिवसरात्र खटखट करायचे. पहिला आठवडा झोप लागली नाही. नंतर अशी सवय झाली की सुट्टीच्या दिवशी यंत्रं थांबली की तिला दचकून जाग यायची. शाळा सकाळची. साडेबाराला सुटायची. दुपारी घरी येऊन ती फरशीवर आडवी व्हायची, आणि छताकडे बघून एक शब्द तोंडात घोळवायची. आपलं. पण आबांना लिहिलेल्या प्रत्येक पत्रात तिनं 'खोली' असंच लिहिलं, 'घर' कधी लिहिलं नाही. दृष्ट लागेल असं काही तिच्या मनात नव्हतं, असल्या गोष्टी ती मानत नसे. तरी लिहिलं नाही.

दुसऱ्याच महिन्यात दुसऱ्या मजल्यावरची मंदा कोरं पोस्टकार्ड घेऊन आली. "बाई, मायला चार ओळी लिहून द्या ना." मंदा विशीतली. नवरा लूमवर, पदरात एक पोरगी, आणि घरी धागा कटिंगचं काम. साड्यांच्या मागच्या बाजूला सुटलेले धागे कापायचे, अशा साड्यांचा ढीग रोज घरी यायचा. बोटात छोटा कटर अडकवलेला असायचा, तो ती जेवतानाच काय तो काढायची.

विशाखानं लिहून दिलं. दुसऱ्या दिवशी तिघी आल्या. आठवडाभरात निम्म्या इमारतीच्या सासूबद्दलच्या तक्रारी, नणंदेची बाळंतपणं आणि गावच्या भांडणांचा निकाल विशाखाच्या हातून जाऊ लागला. एके दिवशी तिचं डोकं फिरलं.

"मी तुमची कारकून नाही. उद्यापासून एक ओळ लिहून देणार नाही. दुपारी दोनला येऊन बसा, लिहायला शिकवते. स्वतःच्या सासूला स्वतः शिव्या द्या."

सात जणी आल्या. साड्या बरोबर घेऊन आल्या, कारण काम थांबवून चालणार नव्हतं. आणि प्रत्येकीनं घरून पाण्याचा तांब्याही आणला. सात तांबे दाराशी ओळीनं मांडले. विशाखानं ते बघितलं. माठ भरलेला होता. ते पाणी तीन जिने चढून आलं होतं.

"पाणी घरून आणता ना? मग अक्षरं पण घरूनच आणा. इथली कशाला बाटवता?"

दुसऱ्या दिवशी सहा जणी रिकाम्या हातानं आल्या. लीला नावाची एक तेवढी तांब्या घेऊन आली. विशाखानं तिलाही शिकवलं, पण रोज तिच्या तांब्याकडे एकदा बघून घ्यायची.

मगनभाईंना कळायला वेळ लागला नाही. ते वर आले, दारातल्या सात जोडी चपला त्यांनी मोजल्या आणि म्हणाले, "पाटीवरचा तिसरा नियम वाचलात ना? घरात माणसं जमवायची नाहीत. हे एकदा सांगितलं. दुसऱ्यांदा दिसलं तर पहिल्या तारखेला किल्ली माझ्या हातात."

"आडोशाला बसून 'क' काढणाऱ्या बायांनी सोसायटीचं काय वाकडं केलं, मगनभाऊ?"

"भाई," ते म्हणाले आणि खाली गेले.

त्या दुपारी ती स्वस्थ बसली नाही. आबांचं वाक्य कानात रूळ ठोकल्यासारखं वाजत होतं. शिकवणं बंद केलं तर घर राहतं. चालू ठेवलं तर पेटी, गाडी आणि आबांनी दाखवलेलं स्थळ. तिनं एक पळवाट काढली, आणि हे तिच्या स्वभावाला धरून नव्हतं म्हणून तिला स्वतःचा रागही आला. चपला आत घेतल्या. सात जोड मोरीत लपवायचे, दार लावून घ्यायचं, हळू बोलायचं. जानेवारीपर्यंत असं चोरून चाललं. शिकणं ही चोरी होते तेव्हा विद्या फार लवकर येते म्हणतात. सातही जणी काना-मात्रेसकट लिहू लागल्या.

जानेवारीच्या शेवटी मंदानं तिचं पहिलं कार्ड लिहिलं. सगळ्यात आधी वर, मधोमध, तिला येऊ लागलेला पहिला शब्द: मंदा. त्याखाली: 'माय मी सोता लिखस. आम्ही सगळे बरे. पोरगी चालायला लागली. तू ये.' एवढं लिहायला दोन दुपारी लागल्या. विशाखानं वाचलं, पत्ता नीट आहे ना बघितलं, "टाक पेटीत," म्हणाली आणि दुसरीच्या पाटीकडे वळली.

तेवढ्यात मंदाच्या पेनातून शाईचा एक ठिपका कार्डाच्या वरच्या कोपऱ्यात पडला. पुसला तर पसरला. मंदा दिवसभर काय करायची? खराब दिसलं की कापायचं. बोटात कटर होताच. टचकन कोपरा कापला, कार्ड पुन्हा स्वच्छ दिसायला लागलं, आणि जाताना तिनं ते पेटीत टाकलं.

आता खानदेशातल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, की मरणाची खबर देणाऱ्या कार्डाचा कोपरा फाडतात. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि तिथंच फाडून टाकायचं. मंदालाही ते माहीत होतं. डोक्याला माहीत होतं, हाताला नव्हतं. हात धागे कापत होता.

गावात ते कार्ड पारावर पोचलं. मंदाची आई शोभाबाई हिला वाचता येत नव्हतं, म्हणून चुलते योगराजकाका पुढं झाले. त्यांनी आधी कोपरा बघितला. मग वर मधोमध लिहिलेलं 'मंदा' वाचलं. अक्षर वाकडंतिकडं, नेहमीच्या पत्रांसारखं नाही, म्हणजे कोणीतरी घाईत लिहिलेलं. शिक्का सुरतेचा, आणि सुरतेत मरण स्वस्त झालेलं गावानं प्लेगच्या वेळी ऐकलं होतं. त्यापुढं कोणी वाचलंच नाही. शोभाबाईनं कार्ड ओढलं, फाडलं आणि तिथंच बसली. तिसऱ्या दिवशी अकरा माणसं पॅसेंजरमधून उधन्याला उतरली.

दुपारचे अडीच झाले होते. दार बंद, सात जणी आत, चपला मोरीत. फाटकातून रडण्याचा आवाज आला. विशाखानं ओठांवर बोट ठेवलं. इमारतीत कोणीतरी गेलं असावं, असं सगळ्यांना वाटलं. आवाज जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर थांबला, तिथं मंदाच्या दाराला कुलूप होतं. कुलूप बघून रडणं दुप्पट झालं. आणि मग स्पष्ट ऐकू आलं.

"मनी मंदा व... मनी सोनानी मंदा... माले न भेटता कशी गई व माय..."

मंदाच्या हातातली पाटी खाली आली. आईचा गळा तिनं ओळखला होता. स्वतःच्या नावाचं रडणं जिवंतपणी ऐकायला मिळणारी माणसं जगात किती असतील? ती उठली. विशाखानं तिचा हात धरला. दार उघडलं तर सगळं उघडं पडणार होतं: सात बाया, सात पाट्या, सहा महिन्यांची चोरी. विशाखाच्या मनात एका क्षणात पेटी येऊन गेली. मग तिनं मंदाचा हात सोडला आणि स्वतःच कडी काढली.

कोणीतरी बोट दाखवलं म्हणून शोभाबाई वरच येत होती. जिन्याच्या वळणावर तिनं मान वर केली आणि उघडं राहिलेलं तोंड तसंच राहिलं. वर आली, मंदाच्या गालाला हात लावला, चाचपला, आणि त्याच हातानं खणखणीत एक ठेवून दिली.

"जित्ती शेस ना व, सटवे?"

"जित्ती शे माय."

"मंग कार्ड कोनी धाडं?"

"मीच लिखं."

"तू? तुले कधी लिखता येस? आनि कोपरा?"

मंदानं आपल्या बोटातल्या कटरकडे बघितलं. मग आईकडे. आणि फतकल मारून जिन्यातच बसली. योगराजकाका भिंतीला टेकले. रडायला आलेल्या अकरा जणांना आता चेहऱ्याचं काय करावं ते कळेना. एक म्हातारी सवयीनं तेवढी रडतच राहिली, तिला कोणीतरी गप्प केलं.

शोभाबाईचा घसा सुकला होता. ती आत गेली, काही न विचारता माठात पेला बुडवला आणि उभ्यानं दोन पेले प्यायली. शेजारीच लीलाचा तांब्या भरलेला होता. त्याच्याकडे तिनं बघितलंही नाही.

"लिख," ती मंदाला म्हणाली. "मना समोर लिख."

मंदानं पाटी घेतली. 'माय' लिहिलं. शोभाबाईला ते वाचता आलं नाही, म्हणून तिनं पाटी योगराजकाकांपुढं धरली. काकांनी वाचलं, "माय." तिनं पाटी पोटाशी धरली आणि मग ती खरी रडली.

एवढ्यात कोणी पाय धुवायला मोरीचं दार उघडलं, आणि सात जोडी चपला सगळ्यांसमोर आल्या. त्या बघायला मगनभाई नेमके दारात उभे होते. त्यांच्यामागं अख्खी इमारत.

"म्हणजे रोजचं चालू होतं," ते म्हणाले. "बेन, मी सांगितलं होतं. पहिली तारीख. किल्ली."

विशाखाच्या जिभेवर चार उत्तरं आली. चारही तिखट. ती तिनं गिळली, आयुष्यात पहिल्यांदा.

"मगनभाई, तिसरा नियम पूर्ण वाचा. 'सुखदुःखाचा प्रसंग सोडून' असं पुढं लिहिलंय. तुम्ही अर्धाच सांगितला होता. ही अकरा माणसं दुःखाला आली. नियमात बसतं."

गर्दीतून कोणीतरी "बराबर" म्हणालं.

"अकरा बसली," मगनभाई म्हणाले. "पण या सात? या रोज कोणत्या दुःखाला बसतात?"

विशाखानं कायद्याचा जो धागा धरला होता, तो तिथं संपला. ती भिंतीकडे बघत होती, विटांवरच्या फळीकडे, खिडकीतल्या माठाकडे.

शोभाबाई पाटी न सोडता पुढं आली.

"भाऊ, मी पोरनं मढं देखाले उनी व्हती. जित्ती पोर लिखतांना दखायनी. यानापेक्षा सुखना प्रसंग तुना घरमा कधी जया का, सांग."

मगनभाईंनी तोंड उघडलं. वीस वर्षं जपलेली गुजराती कुठं गेली कोणास ठाऊक. त्या बाईच्या तोंडाकडे बघत ते हळूच म्हणाले, "नही व माय."

अख्ख्या जिन्यानं ते ऐकलं. मगनभाईंनीही ऐकलं असणार, कारण ते तसेच वळले आणि खाली निघून गेले.

अकरा माणसांना जेवायला घालायचं होतं आणि झोपवायचं होतं. रिकामी फरशी सगळ्या इमारतीत एकाच घरात होती, जिथं ना पलंग, ना खुर्ची. विशाखा खिचडीचा अंदाज घेत असताना खालून लग्नाकार्याचं सोसायटीचं मोठं पातेलं वर आलं. कोणी पाठवलं ते आणणाऱ्यानं सांगितलं नाही आणि तिनं विचारलं नाही. पहिली तारीख आली, गेली. किल्ली मागायला कोणी आलं नाही. सात जोडी चपला पुन्हा दाराबाहेर, ओळीत. लीलाचा तांब्या त्या दिवसानंतर कधी वर आला नाही.

पाहुणे गेले त्या दिवशी विशाखानं आबांना कार्ड लिहिलं. 'आबा, माझ्या घरी अकरा माणसं राहून गेली.' लिहून झाल्यावर 'घर' या शब्दाकडे बघत ती थोडा वेळ बसली. चारही कोपरे तपासले आणि मग पेटीत टाकलं. आबांचं उत्तर आठ दिवसांनी आलं. एकच ओळ: 'उन्हाळ्यात येतो, जिना किती पायऱ्यांचा आहे ते कळव.'

अठ्ठेचाळीस. आजही विचारलं तर विशाखाबाई पटकन सांगतात. त्यांनी मुदतीआधीच निवृत्ती घेतली, गुडघे आता तिसऱ्या मजल्याला नाही म्हणतात. इमारतीला गिलावा झाला, समोरचे लूम दुसरीकडे गेले. कधी दुपारी फार शांत वाटलं की त्यांना अजून दचकायला होतं. मंदाची नात मोबाइलवर बोट फिरवते आणि कार्ड म्हणजे काय विचारते. मंदाचं ते पहिलं कार्ड तर पारावरच फाटलं. शेवटचे दोन शब्द, 'तू ये', कोणी वाचलेच नाहीत, तरी माय आली.

पण त्या सात जणींनी नंतर ढिगानं कार्डं लिहिली. अमळनेर, पारोळा, चोपडा, शिंदखेडा, कुठं कुठं गेली. तुमच्या आजीच्या ट्रंकेत, तांदळाच्या डब्यात, फोटोच्या मागं असं एखादं पिवळं पडलेलं, वाकड्या अक्षराचं, सुरतेचा शिक्का असलेलं कार्ड सापडलं, तर रद्दीत टाकू नका. घरातल्या सगळ्यांना बसवा आणि मोठ्यानं वाचा. आणि कृपा करून, शेवटच्या शब्दापर्यंत वाचा.